सहावा आलेला बेकर

गणपती उठले त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. "मामा, नोव्हेंबरात आंतरमहाविद्यालयीन आहे. पंधराशे मीटर. मला पाच मिनिटांच्या आत यायचंय. तू ओढशील का मला?"

आमच्या घरात पेस देण्याला ओढणं म्हणतात. एकानं पुढे ठरल्या वेगानं पळायचं, मागच्यानं त्याच्या पाठीवर डोळे लावून नुसतं येत राहायचं. हिशेब पुढच्यानं करायचा, वाराही पुढच्यानंच खायचा. मी कॉलेजात पंधराशे पळायचो. ४ मिनिटं १९ सेकंद ही माझी सगळ्यात चांगली वेळ, आणि ती सांगायची संधी मी सहसा सोडत नाही. आता सत्तेचाळीस वय. तरी पाच मिनिटांच्या वेगानं हजार-अकराशे मीटर निभावेन असं वाटलं आणि हो म्हणून बसलो.

अडचण एवढीच, की मी जन्मात कुणाला ओढलेलं नव्हतं. मला मात्र बऱ्याच जणांनी ओढलं होतं, आणि त्यातल्या एकाचेही मी कधी धड आभार मानले नव्हते, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

हिशेब सोपा आहे. पंधराशे मीटर, तीनशे सेकंद. सेकंदाला पाच मीटर. चारशेच्या ट्रॅकवर फेरी ऐंशी सेकंदांची. आमचं रोजचं मैदान मात्र मातीचं आणि बेढब आहे. टेप लावून मोजलं तर फेरी भरली ३४० मीटर, म्हणजे ६८ सेकंद. आतल्या बाजूनं सकाळी ज्येष्ठ नागरिक चालतात, चौघे-चौघे हातात हात घातल्यासारखे, त्यामुळे तीही दर फेरीला चार-दोन मीटरनं वाढते. स्टॉकहोमचा ऑलिंपिक ट्रॅकसुद्धा ३८३ मीटरचा होता, असं मी भाचीला सांगितलं. "कुठलं स्टॉकहोम?" ती म्हणाली.

तर ते स्टॉकहोम १९१२ चं, आणि मी त्यात अडकलो होतो तो योगायोगानं.

मी खरं तर अँटवर्पला चाललो होतो. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतातून जे मोजके खेळाडू गेले, त्या सगळ्या प्रकरणाचा उगम डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत आहे. सर दोराबजी टाटा तिथे अध्यक्ष म्हणून आले, अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं त्यांनी पाहिली, आणि यांना ऑलिंपिकला पाठवायचं असं त्यांच्या मनानं घेतलं. बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार मॅरेथॉनला गेले, चौगुले एकोणिसावे आले. त्या वेळची मॅरेथॉन ४२ किलोमीटर ७५० मीटरची होती, आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच. डेक्कनवरून हजार वेळा गेलो असेन, पण हे मला पन्नाशीच्या उंबऱ्यावर कळलं. दातारांबद्दल आणखी काही मिळतं का म्हणून निकालांचे जुने तक्ते वर-खाली करत होतो, तेव्हा पंधराशेच्या ओळीवर नजर थांबली. जुन्या खोडीनं थांबलीच.

पहिला अल्बर्ट हिल, ४:०१.८. दुसरा फिलिप बेकर, ४:०२.४. दोघेही ब्रिटनचे.

हा बेकर कोण म्हणून मागचा तक्ता काढला. स्टॉकहोम, १९१२, पंधराशेची अंतिम फेरी. सहावा: बेकर, ४:०१.०.

म्हणजे चार मिनिटं एक सेकंदात सहावा आलेला माणूस आठ वर्षांनी, तिशीत, त्याहून सावकाश पळून रौप्यपदक घेऊन गेला. इतकंच काय, सहाव्या नंबरच्या त्या वेळेत तो अँटवर्पला पहिला आला असता. हे कागदावरचं गणित झालं, ट्रॅक वेगळा आणि हवा वेगळी, मला कळतं. पण पळणाऱ्या माणसाला असलं गणित दिसलं की झोप येत नाही.

पुढचे दहा आठवडे दोन गोष्टी जोडीनं चालल्या. सकाळी मैदान, रात्री बेकर.

त्याचा जन्म १८८९ चा, लंडनचा. घर क्वेकर पंथाचं. युद्ध ही गोष्टच मान्य नसलेली ही मंडळी. वडील कॅनडातून आलेले, बेकरीला लागणारी यंत्रं बनवायचा त्यांचा कारखाना, आडनावाला शोभेलसा. पुढे ते पार्लमेंटातही गेले. मुलगा यॉर्कच्या क्वेकर शाळेत शिकला, मग काही काळ अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या हॅवरफर्ड कॉलेजात, आणि तिथून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात. केंब्रिजला तो विद्यापीठाच्या ॲथलेटिक क्लबचा अध्यक्ष होता आणि युनियन नावाच्या तिथल्या नामांकित वादसभेचाही अध्यक्ष होता. आमच्या कॉलेजात एकाच मुलाला जिमखाना आणि वादविवाद मंडळ दोन्ही मिळालं असतं तर मारामारी झाली असती.

त्या काळच्या इंग्रज कॉलेजातला पळणारा म्हणजे पक्का हौशी. पैसे घेऊन शिकवणारा कोच ठेवणं जरा हलकं समजलं जायचं. ऑक्सफर्डचा ट्रॅक मैलाला तीन फेऱ्यांचा. वर्षातली मोठी लढत म्हणजे ऑक्सफर्ड विरुद्ध केंब्रिज, लंडनच्या क्वीन्स क्लबवर. अमेरिकेत याच्या अगदी उलट वारं होतं. तिथे कॉलेजं पगारी कोच ठेवत. कॉर्नेल विद्यापीठात जॅक मोकली नावाचा कोच होता, आणि त्याच्या हाताखाली जॉन पॉल जोन्स नावाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं १९११ साली मैल ४:१५.४ मध्ये काढला. १९१३ ला तो ४:१४.४ वर आला. ॲथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं मान्य केलेला मैलाचा हा पहिला जागतिक विक्रम. मग डिग्री मिळाली आणि गड्यानं पळणं सोडलं. कॉलेज संपलं की पळणं संपलं, हा तेव्हाचा सर्वसाधारण रिवाज. आमच्या पिढीचाही हाच होता, म्हणून मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही, वाईट वाटलं.

इकडे मैदानावर आमचं वेळापत्रक बसलं. मंगळवारी चारशेचे सहा तुकडे, प्रत्येक ऐंशीचा, मध्ये दीड मिनिट विश्रांती. गुरुवारी वीस-पंचवीस मिनिटं सावकाश. रविवारी हजार मीटर ठरल्या वेगानं आणि वर तीनशेचे दोन. पहिल्या दोन आठवड्यांत माझी उजवी पोटरी धरली. सकाळी जिना उतरताना कठड्याला लोंबकळत उतरायचो. बायको म्हणाली, "ओढणार तू आहेस की तुला ओढायचंय?"

खरी मेहनत पोटरीची नव्हती. स्वतःला आवरायची होती. घड्याळ न बघता ६८ सेकंदांची फेरी काढायला शिकणं हे बोटांनी मीठ मोजण्यासारखं आहे. मी पावलं मोजायला लागलो. ३४० मीटरला माझी दोनशे बारा पावलं पडतात. दोनशे आठ पडली तर मी ढांगा लांबवतोय, म्हणजे जास्त जोरात जातोय. मागून भाचीच्या श्वासाकडे कान ठेवायचा. दोन पावलांना श्वास आत आणि दोन पावलांना बाहेर, ही लय मोडली की तिचा दम संपत चाललाय. मान वळवून बघायचं नाही. मान वळली की वेग पडतो आणि मागच्याला वाटतं काहीतरी चुकलंय.

पाचव्या आठवड्यात सिंथेटिक ट्रॅकवर पहिली टाइम ट्रायल घेतली. चारशेच्या ट्रॅकवर पंधराशेला आधी तीनशे मीटर, मग तीन फेऱ्या. तीनशेला ६०, सातशेला २:२०, अकराशेला ३:४० असं मी तळहातावर पेननं लिहून गेलो होतो. तीनशेला घड्याळ बघितलं तर ५५. मला वाटलं, छान, पाच सेकंद खिशात. पंधराशेत पाच सेकंद खिशात राहत नसतात. सातशेपासून तिच्या श्वासाचा आवाज मागे मागे जायला लागला, आणि मी तसाच पुढे गेलो, तळहातावरचे आकडे पाठ करत. ती ५:१९ मध्ये आली. दोन महिन्यांपूर्वी एकटी पळून तिनं ५:१४ काढले होते.

गवतावर पालथी पडून ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, तू माझ्यासाठी पळतच नव्हतास. तू तुझ्या ४:१९ साठी पळत होतास."

घरी येताना मी गाडीत रेडिओ लावला नाही.

त्या रात्री स्टॉकहोमची शर्यत नीट वाचली. १० जुलै १९१२. अंतिम फेरीत चौदा जण, त्यातले सात अमेरिकन. जोन्स होता. जागतिक विक्रमवाला एबेल किव्हियट होता. ब्राउन विद्यापीठाचा नॉर्मन टेबर होता. इंग्रजांकडून ऑक्सफर्डचा एकवीस वर्षांचा अर्नॉल्ड जॅक्सन, ज्याचा सराव हा त्याच्या मित्रांतही चेष्टेचा विषय असावा इतका हलकाफुलका, आणि केंब्रिजचा बेकर. विद्यापीठांच्या मैदानावर हे दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी. त्या दिवशी बेकरनं स्वतःच्या संधीवर पाणी सोडलं आणि जॅक्सनला साथ दिली. शेवटच्या फेरीत पुढे सगळे अमेरिकन. जॅक्सन बाहेरून येत येत सगळ्यांना मागे टाकून ३:५६.८ मध्ये जिंकला. किव्हियट आणि टेबर यांच्यात दुसरा कोण हे ठरवायला फोटो पाहावा लागला. जोन्स चौथा. बेकर सहावा.

मला आधी हे पटेना. सहावा येणारा माणूस पहिल्याला मदत कशी करतो? पुढे पळून ओढलं असं म्हणावं तर तो पुढे नव्हताच. मग उजेड पडला. पंधराशेला लेन नसतात. चौदा जण एका घोळक्यात, आणि आत सापडलेला माणूस पुढच्याच्या टाचेत आणि शेजारच्याच्या कोपरात अडकतो. आम्ही त्याला बॉक्स होणं म्हणतो. ज्या शर्यतीत सात जण एकाच देशाचे, तिथे एकट्यादुकट्यानं डबीत सापडणं ठरलेलंच. अशा वेळी खांद्याला लागून पळणारा आपला एक माणूस म्हणजे हक्काची फट. तो जागा अडवून ठेवतो आणि हवी तेव्हा सोडतो. बेकरनं नेमकं काय केलं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण माझ्या डोक्यातलं ओढण्याचं चित्र मात्र त्या रात्री बदललं.

दुसऱ्या दिवशी भाचीला विचारलं, "तू शर्यतीत कुठे मार खातेस?" ती म्हणाली, "आत अडकते आणि घाबरते." हे मी पाच आठवड्यांत विचारलंच नव्हतं. मग तिच्या दोन मैत्रिणींना बोलावलं. त्या दोघी पुढे खांद्याला खांदा लावून, त्यांच्या मागे ती, आणि मी तिच्या उजव्या खांद्याशी. मी शिट्टी वाजवली की बाहेर सरकायचं, आणि तिनं फटीतून निघायचं. पहिल्या दिवशी तिनं माझ्या नडगीवर स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, घातले. तीन टोकं, तीन टिंबं, अजून दिसतात. चौथ्या रविवारी शिट्टीची गरज राहिली नाही. माझ्या पावलांच्या आवाजावरून तिला कळायला लागलं.

रात्री मी अँटवर्पला परत आलो. मधल्या आठ वर्षांत महायुद्ध होऊन गेलं होतं. १९१६ ची ऑलिंपिक झालीच नाही. स्टॉकहोमला पाच हजार मीटरमध्ये सेकंदाच्या दहाव्या हिश्शानं हरलेला फ्रान्सचा झाँ बुएँ १९१४ मध्येच मारला गेला. जॅक्सन तीनदा जखमी झाला, शौर्याचं डीएसओ पदक त्याला चार वेळा मिळालं, पण पाय अधू झाला आणि तो पुन्हा शर्यतीत उतरला नाही. बेकर क्वेकर, त्यामुळे बंदूक नाही. त्यानं मित्रांबरोबर रुग्णवाहिका पथक उभं केलं, आधी फ्रान्समध्ये आणि मग इटलीच्या आघाडीवर जखमी वाहिले, आणि त्याबद्दल त्यालाही पदकं मिळाली. युद्ध संपलं तेव्हा तो पॅरिसच्या तहाच्या कामात होता, नंतर राष्ट्रसंघाच्या नोकरीत. आणि तिशीत पुन्हा स्पाइक्स बांधून ट्रॅकवर.

१९ ऑगस्ट १९२०, पावसानं भिजलेला जड ट्रॅक. हिल एकतीस वर्षांचा, रेल्वेतला कामगार, दोनच दिवसांपूर्वी आठशेचं सुवर्ण घेतलेला. त्याचा कोच सॅम मुसाबिनी, पैसे घेऊन शिकवणारा, म्हणजे केंब्रिजवाल्यांनी नाक मुरडावं असा. केंब्रिजचा बेकर त्या रेल्वेवाल्याच्या पाठीशी राहिला, मागून येणाऱ्यांना अंगावर घेत, आणि दोघे पुढेमागे आले. तिसरा अमेरिकन. या वेळी मदत करूनही पदक मिळालं.

पुढचं आयुष्य मी भरभर वाचलं, कारण त्यात पळणं कमी आणि समित्या फार आहेत. बायकोचं माहेरचं नाव जोडून तो नोएल-बेकर झाला. राष्ट्रसंघात रॉबर्ट सेसिलचा मदतनीस, मग फ्रिट्यॉफ नान्सेनच्या हाताखाली, पुढे निःशस्त्रीकरण परिषदेत आर्थर हेंडरसनच्या हाताखाली. तिघांनाही शांततेचं नोबेल मिळालं. यादी बघून मी एकटाच हसलो. गडी तिथेही उजव्या खांद्याशीच पळत होता! त्याला स्वतःला ते नोबेल १९५९ साली मिळालं, सत्तरीत. ऑलिंपिक पदक आणि नोबेल दोन्ही असलेला तो एकटाच.

मध्ये एक पान असं आलं की माझा उत्साह जरा ओसरला. १९४७ ते १९५० तो ब्रिटनचा राष्ट्रकुल संबंधांचा मंत्री होता. जानेवारी १९४८ मध्ये काश्मीरचा प्रश्न सुरक्षा परिषदेत गेला तेव्हा न्यूयॉर्कला ब्रिटनची बाजू तोच मांडत होता, आणि त्याचा कल पाकिस्तानकडे आहे म्हणून दिल्लीचा त्याच्यावर राग होता. त्याचे पंतप्रधान ॲटलीही त्याच्यावर खूश नव्हते. माझी अपेक्षा होती की ज्याला शेजारच्या खांद्याचं कळतं त्याला बाकीचंही कळेल. अपेक्षा माझी, त्याची नव्हे. त्याच वर्षी लंडनला ऑलिंपिक झालं, आणि ते पार पाडण्यात सरकारकडून त्याचा मोठा हात होता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तिथे कुस्तीत सहावे आले. सहाव्या नंबरचं मोल त्या गर्दीत कुणाला ठाऊक असेल तर यालाच असणार, असं वाटून गेलं. काश्मीरचं पान मात्र त्यानं पुसलं गेलं नाही.

नवव्या आठवड्यात दुसरी ट्रायल. हवेत गारवा, वारा नाही. तळहातावर काही लिहिलं नाही. तीनशेला ६१. मी तसाच राहिलो, भरून काढायला गेलो नाही. सातशेला २:२१. मागचा श्वास दोन-दोनच्या लयीत. नऊशेला मी पुढची जागा सोडली आणि तिच्या उजव्या खांद्याशी आलो, कारण आता तिला पाठ नको होती, रस्ता हवा होता. अकराशेला ३:४१. माझी छाती फुटायला आली होती, मांड्यांत शिसं ओतल्यासारखं. "जा," एवढंच म्हणालो, आणि बाहेर सरकून गवतावर बसलो. तिथून शेवटची फेरी बघितली. लांबून ती फार लहान दिसत होती.

४:५८.६.

मी तिच्यापेक्षा जास्त आरडाओरडा केला. ती शांतपणे स्पाइक्सची नाडी सोडत होती.

शर्यतीच्या दिवशी अर्थातच मी ट्रॅकवर नव्हतो. दोनशेच्या खुणेपाशी, जाळीच्या बाहेर, स्टॉपवॉच घेऊन. कुणालाच पुढे जायचं नव्हतं. तीनशेला ६६. अशा कूर्मगती शर्यतीत सगळा निकाल शेवटच्या फेरीत लागतो. आठशेला ती आत अडकली, डावीकडे कठडा, पुढे दोघी, उजवीकडे एक उंच मुलगी. मी ओरडणार होतो, आवाजच निघाला नाही. ती घाबरली नाही. तिनं अर्धं पाऊल मागे घेतलं, उंच मुलीला पुढे जाऊ दिलं आणि तिच्या मागून बाहेर आली. दुसरी आली. ५:०६.३.

व्यासपीठावरून उतरल्यावर तोंड एवढंसं. "पाचच्या आत नाही ना आले."

मग मी तिला बेकरची दोन्ही वेळा सांगितल्या. ४:०१.० ला सहावा, ४:०२.४ ला दुसरा. तिनं थोडा विचार केला. "त्याला कुठली शर्यत जास्त आवडली असेल?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "चल, मिसळ खाऊ."

हॉटेलात तिनं सरावाची वही काढली. रश्श्याचा एक थेंब पानावर पडला, तो बोटानं पुसत तिनं लिहिलं: ५:०६.३, दुसरी, एकटी. त्याच्या वरची ओळ दोन आठवड्यांपूर्वीची होती, निळ्या शाईतली: ४:५८.६, अकराशेपर्यंत मामा.